कंट्रोलरवरचा टर्नचा आकडा

रिमोटवर पळणाऱ्या विजेच्या गाडीसाठी इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर घ्यायचा म्हटलं की दोन जातींचे आकडे समोर येतात. पहिला खोक्यावर जाड टाइपात छापलेला, अँपिअरचा. दुसरा आतल्या घडीच्या कागदावर, टर्नचा. म्हणजे मोटरच्या आर्मेचरवर तारेचे किमान किती वेढे हवेत, याचा. शेन्झेनच्या हॉबीविंग कंपनीचा १०६० हा स्वस्त आणि जगभर खपलेला कंट्रोलर घ्या. सलग ६० अँपिअर आणि क्षणभरासाठी ३६० अँपिअर, असा त्याचा दावा आहे. त्याच्याच माहितीपत्रकात असंही सांगितलंय की दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर १२ किंवा जास्त टर्नची मोटर लावा, तीन सेलच्या बॅटरीवर १८ किंवा जास्त टर्नची. नवखं गिऱ्हाईक पहिला आकडा बघून पैसे मोजतं. ज्याच्या डोळ्यांदेखत एखाद्या कंट्रोलरमधून धूर निघालाय, तो थेट दुसरा आकडा शोधतो. या दुसऱ्या माणसाचं बरोबर आहे, असं माझं म्हणणं आहे. पण तो जे कारण समजतो त्यामुळे नव्हे. टर्नचा आकडा विश्वासाचा ठरला त्यात विज्ञानाचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा शर्यतींच्या नियमांचा आहे. मोटरचा आकार, बॅटरीचे सेल, शर्यतीची मिनिटं हे सगळं नियमांनी जखडून ठेवलं होतं, म्हणून एकट्या टर्नवरून बाकीचं ओळखता येत होतं. ही जखडण सुटत गेली तसा तो आकडाही सैल पडत गेला.

विजेच्या रिमोट गाडीची सुरुवात इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरने झालेली नाही. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या एल-जी कंपनीने १९६६ साली फेरारी २५० एलएमची विजेवर चालणारी गाडी आणली होती. तरी पुढची काही वर्षं शर्यतवाल्यांचा जीव छोट्या ग्लो-इंजिनांतच रमला. विजेची गाडी घरोघरी पोचवली ती शिझुओकाच्या तामिया कंपनीने. १९७६ च्या डिसेंबरात तिने पोर्शे ९३४ चं १/१२ मापाचं, रिमोट बसवता येईल असं मॉडेल काढलं, आणि तिथून या खेळाचा बाजार उभा राहिला. त्या काळच्या किटमध्ये वेग आवरायचं काम एक यांत्रिक जोडणी करायची. स्टिअरिंगला एक सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर दांडा हलवणारी छोटी मोटर, तसा दुसरा सर्व्हो वेगासाठी. त्याचा दांडा एका छोट्या पट्टीवरच्या तांब्याच्या पत्र्यांवरून एक स्प्रिंगदार जीभ सरकवायचा. जीभ मधल्या जागी असली की मोटर बंद. थोडी पुढे सरकली की करंट पांढऱ्या सिरॅमिकच्या रेझिस्टरमधून मोटरकडे जायचा, गाडी हळू चालायची. अगदी पुढे गेली की रेझिस्टर वगळला जायचा आणि बॅटरी सरळ मोटरला जोडली जायची. उलट दिशेला सरकवली की रिव्हर्स. दोन-तीन पायऱ्या, बस. बॅटरी संपेपर्यंत गाडी पळवली की त्या रेझिस्टरला बोट लावायची सोय नसे, म्हणून तो वायरी आणि प्लास्टिकपासून दूर, हवा लागेल अशा जागी बसवलेला असायचा.

मुंबईच्या लोकलने आयुष्य काढलेल्या वाचकाला हे तंत्र परकं वाटू नये. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि त्या परंपरेतल्या लोकल पुढे कित्येक दशकं रेझिस्टन्सच्या पायऱ्यांनीच वेग घेत राहिल्या. मोटरमन हँडल एकेक खाच पुढे नेई तसे रेझिस्टर एकामागून एक वगळले जात, आणि मधल्या वेळात जी वीज मोटरला द्यायची नसे ती उष्णता होऊन हवेत जाई. पुढे मुंबईच्या उपनगरी मार्गांवरची डीसी वीज टप्प्याटप्प्याने गेली, २०१६ मध्ये तिचा शेवटचा टप्पा संपला, आणि गाड्यांमध्ये थ्री-फेज मोटरी व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. खेळण्यातल्या गाडीनेही रेझिस्टर, मग इलेक्ट्रॉनिक स्विच, मग तीन वायरींची मोटर हाच रस्ता धरला. फक्त तिने तो तीसेक वर्षांत उरकला.

यांत्रिक जमान्यात जोडी जमवायची भानगडच नव्हती, किटमध्ये येई ते बसवायचं आणि पळवायचं, असं जुने हौशी सांगतात. हे अर्धंच खरं आहे. भानगड नव्हती कारण ती कारखान्यातच मिटवलेली असायची. मोटर कोणती, रेझिस्टर किती ओह्मचा, गिअरचे दात किती, हे तिन्ही एकाच टेबलावर ठरत. १९८४ साली तामियाने ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन गाड्या काढल्या. दोघींचा सांगाडा जवळजवळ एकच. पण ग्रासहॉपरमध्ये लहान ३८० मोटर होती आणि हॉर्नेटमध्ये थोरली ५४०. ग्रासहॉपरच्या मालकाला ५४० चा मोह व्हायला फार वेळ लागत नसे, आणि हॉर्नेटच्या मालकाला त्याहून तिखट, कमी वेढ्यांच्या मोटरीचा. मोटर बदलली की कारखान्यात जमवलेलं गणित मोडायचं. जीभ एका पत्र्यावरून दुसऱ्यावर सरकताना ठिणगी पडायची, तांब्यावर खड्डे पडायचे, काजळी धरायची, स्प्रिंग तापून तिचा ताण जायचा. सगळ्यात वाईट म्हणजे जीभ पुढच्या पत्र्याला चिकटायची, आणि रिमोट सोडला तरी गाडी पूर्ण वेगात भिंतीकडे निघायची. थोडक्यात, बेजोड मोटरीचं संकट इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरने आणलेलं नाही. त्याच्या आधी ते सँडपेपरने पत्रे घासून आणि जीभ बदलून निभावता येत होतं, एवढंच.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची कल्पना सोपी आहे. रिसीव्हरकडून सर्व्होला दर सेकंदाला पन्नासेक वेळा एक ठोका जातो. त्याची लांबी एक ते दोन मिलिसेकंद, दीड म्हणजे मधली जागा. कंट्रोलर हाच ठोका वाचतो आणि त्याप्रमाणे मोटरची वीज अतिशय वेगाने चालू-बंद करतो. निम्मा वेळ चालू ठेवली की मोटरला निम्मं व्होल्टेज मिळाल्यासारखं होतं, आणि उरलेलं निम्मं रेझिस्टरमध्ये जाळावं लागत नाही. पण शर्यतवाल्याच्या नजरेने पाहा. तो बहुतेक वेळ थ्रॉटल पूर्ण दाबूनच असतो, आणि पूर्ण थ्रॉटलला यांत्रिक जोडणीत तांब्याला तांबं भिडलेलं असतं. मध्ये काहीच नाही. सुरुवातीच्या कंट्रोलरमधल्या साध्या ट्रान्झिस्टरवर मात्र मोठा करंट गेला की अर्धा ते एक व्होल्ट जागेवरच पडायचा. सहा निकेल-कॅडमियम सेलच्या ७.२ व्होल्टांतून हा कर मोजणं शर्यतवाल्याला परवडणारं नव्हतं. म्हणून त्या काळच्या काही कंट्रोलरमध्ये चक्क रिले बसवलेला असायचा; थ्रॉटल पूर्ण दाबला की तो ट्रान्झिस्टरला वळसा घालून बॅटरी सरळ मोटरला जोडायचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोटात यांत्रिक पत्रा लपवलेला. नव्या तंत्राने जुन्याचा इतका उघड आधार घेतल्याचं हे उदाहरण मला तरी फार आवडतं.

कोंडी फोडली ती मॉसफेट या नव्या जातीच्या ट्रान्झिस्टरने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनॅशनल रेक्टिफायर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे हेक्सफेट नावाचे मॉसफेट बाजारात आले, आणि पुढच्या दशकात नोव्हाक, टेकिन यांसारख्या छोट्या कंपन्यांनी ते शर्यतीच्या गाडीत उतरवले. मॉसफेट हा चालू अवस्थेत बारीकशा रेझिस्टरसारखा वागतो, आणि असे चार-सहा शेजारी-शेजारी जोडले तर ते करंट आपसांत वाटून घेतात. जो जास्त तापतो त्याचा रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे भार आपोआप दुसऱ्याकडे सरकतो. त्यातही तडजोडी होत्याच. रिव्हर्ससाठी मॉसफेटचा आणखी एक संच लागतो, करंटच्या वाटेत आणखी अडथळा येतो. म्हणून शर्यतीचे कंट्रोलर बराच काळ फक्त पुढे जाणारे आणि ब्रेक लावणारे होते. मॉसफेट पूर्ण उघडायला त्याच्या गेटला दहाएक व्होल्ट लागायचे, आणि जोराने थ्रॉटल दाबल्यावर बॅटरीचं व्होल्टेज त्याच्या खूप खाली यायचं, म्हणून आत व्होल्टेज चढवणारं वेगळं सर्किट घालावं लागे. कंट्रोलरवर चार ते सात सेल अशी मर्यादा लिहिलेली असायची ती यासाठीच. वरचा आकडा जळण्याची भीती सांगायचा. खालचा आकडा वेगळ्या धोक्याचा: मॉसफेट अर्धवट उघडा राहिला तर तो कमी करंटलाही भाजून निघतो.

आता अँपिअरच्या दाव्याकडे येऊ. १९८० च्या दशकातल्या एका चांगल्या मॉसफेटचा रेझिस्टन्स २८ मिलिओह्मच्या आसपास असायचा. चार एकत्र जोडले की ७ मिलिओह्म. ३० अँपिअर वाहू लागले तर उष्णता निघणार करंटच्या वर्गाला रेझिस्टन्सने गुणून, म्हणजे सव्वासहा वॅटच्या आसपास. पंखे नसलेल्या त्या काडेपेटीएवढ्या डब्यालाही ही सोसते. करंट दुप्पट, ६० अँपिअर झाला की उष्णता चौपट, २५ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची साधी सोल्डरिंग आयर्न असते तेवढी. आपल्याच टाक्यांचं कथील वितळवायला निघालेला हा कंट्रोलर क्षणभर टिकेल, मिनिटभर नाही. म्हणजे 'किती अँपिअर' या प्रश्नाला 'किती वेळ' हे शेपूट जोडल्याशिवाय अर्थच नाही. जाहिरातींनी ते शेपूट बेधडक छाटलं. मॉसफेटच्या तपशीलपत्रात, अंग २५ अंशांवर थंड ठेवलं तर अमुक अँपिअर, असं असे. कंपनी त्याला मॉसफेटच्या संख्येने गुणून तीन आकडी संख्या छापायची. आजचे ३६० अँपिअर याच रिवाजाचे वंशज आहेत. साध्या २७ टर्नच्या ५४० मोटरचा रेझिस्टन्स एक दशांश ओह्मच्या घरात असतो. चाकं जाम झाली तरी ७.२ व्होल्टवर तिच्यातून सत्तरेक अँपिअरच्या पुढे करंट जाऊच शकत नाही. तिच्या मालकाला ३६० चा उपयोग काय, हे खोकं सांगत नाही.

टर्नच्या आकड्याची ताकद इथे कळते. मोटर भरणाऱ्या कुठल्याही कारागिराला ठाऊक असतं की आर्मेचरच्या खाचेत जागा तेवढीच असते. वेढे निम्मे केले तर तार दुप्पट छेदफळाची भरता येते, लांबी निम्मी होते, आणि रेझिस्टन्स चौथ्या हिश्श्यावर येतो. मोटर थांबलेली असताना ओढला जाणारा करंट त्या हिशेबाने चौपट होतो. हा झाला कागदावरचा हिशेब. ब्रश, वायरी आणि बॅटरीचा आतला रेझिस्टन्स मिळून ही धार थोडी बोथट होते. तरीही २७ वरून १२ वर येणं म्हणजे दुपटीने चढणं नव्हे, त्याच्या बरंच पुढचं काही, हे टर्नच्या आकड्यात आपोआप येतं. आणि मोटरीवर तो लिहिलेलाच असे. अमेरिकेतल्या रोअर या शर्यत संघटनेच्या त्या काळच्या नियमांत स्टॉक गट म्हणजे २७ टर्न, मॉडिफाइड म्हणजे हवे तेवढे कमी. बारा टर्न, दुहेरी तार असेल तर 'बारा डबल'. १९८४ मध्ये असोसिएटेड कंपनीची आरसी१० ही गाडी आली, १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात १/१० ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि या वर्तुळात सगळे एकाच मापाने बोलू लागले. मोटरचा डबा ५४० चा, ३६ मिलिमीटर व्यासाचा. सेल सहा. गाडी दीडेक किलोची. शर्यत काही मिनिटांची. एवढं सगळं ठरलेलं असल्यावर कंट्रोलर बनवणाऱ्याने 'बारा टर्नपर्यंत' म्हटलं की त्यात अँपिअर, सेकंद आणि उष्णता सगळं आलं.

यावर इलेक्ट्रिकल इंजिनिअर हरकत घेईल, आणि ती हलकी नाही. तो म्हणेल, शेवटी जाळतो तो करंटच. मग कारणावर मर्यादा घालण्याऐवजी त्याच्या लांबच्या नातेवाइकावर का घालता? शिवाय टर्नमध्ये गिअर कुठे आहे? मोटरच्या पिनियनला दोन दात जास्त लावले की तीच बारा टर्नची मोटर जास्त करंट ओढते. गवतावर पळवली की आणखी. हरकतीचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे; जळालेल्या कंट्रोलरच्या कहाण्यांत मोटरपेक्षा पिनियन जास्त वेळा गुन्हेगार असावा, असा माझा तर्क आहे, कारण मोटर बदलताना माणूस कागद वाचतो आणि पिनियन बदलताना वाचत नाही. पहिल्या भागाला उत्तर असं की करंट हे कारण असलं तरी गाडीच्या मालकाच्या हातात ते नसतं. क्षणाक्षणाला शून्यापासून शंभरावर उडी मारणारा करंट मोजायचं साधन त्या काळी फार थोड्यांकडे होतं. मोटरवरचा आकडा मात्र प्रत्येकाला वाचता येत होता. मर्यादा अशा गोष्टीवर घालावी जी वापरणाऱ्याला दिसते, हा व्यवहार कंट्रोलरवाल्यांनी ओळखला. अँपिअरचा आकडा त्यांनी काढून टाकला नाही, कारण माल त्यावर खपत होता. टर्नचा आकडा घातला, कारण माल परत येऊ नये अशीही इच्छा होती.

पण या सोयीचा पाया दुसरीकडेच होता, आणि त्याकडे शर्यतवाल्यांचंही फारसं लक्ष नव्हतं. तो पाया म्हणजे बॅटरी. १९८० च्या सुरुवातीचा सहा सेलचा पॅक १२०० मिलिअँपिअर-तासांचा. पाच मिनिटं गाडी चालवायची तर या पॅकमधून सरासरी साडेचौदा अँपिअरपेक्षा जास्त काढताच येत नाहीत. काढले तर गाडी शेवटच्या फेरीआधी मरणार. १/१२ मापाच्या गाड्यांच्या आठ मिनिटांच्या शर्यतीत सरासरी नऊच अँपिअर. बारा टर्नची मोटर लावणारा ड्रायव्हर म्हणूनच छोटा पिनियन लावायचा, थ्रॉटल जपून वापरायचा. कंट्रोलर वाचायचा तो स्वतःच्या कर्तबगारीने कमी आणि या उपासमारीने जास्त. १९९० च्या दशकाअखेर निकेल-मेटल हायड्राइड सेल ३००० च्या घरात गेले. तीच पाच मिनिटं, पण आता सरासरी ३६ अँपिअर काढायला मोकळीक. करंट अडीच पट, म्हणून मॉसफेटमधली उष्णता सव्वासहा पट. पुढे लिथियम-पॉलिमरचे ५००० चे पॅक आले. ते पाच मिनिटांत पुरते रिकामे करायचे तर सरासरी ६० अँपिअर, जुन्याच्या चौपट. मोटर तीच, तिचे टर्न तेच, कंट्रोलरवरची मर्यादाही तीच. फक्त त्या मर्यादेमागचा मुका पहारेकरी निघून गेला. जुना, 'बारा टर्नपर्यंत' लिहिलेला कंट्रोलर आजच्या बॅटरीवर बारा टर्नला जळाला तर त्याने खोटं सांगितलं असं म्हणता येत नाही. त्याने त्याच्या काळातलं खरं सांगितलं होतं.

लिथियम बॅटरीने दुसराही हिशेब बदलला. निकेलचा सेल पूर्ण रिकामा केला तरी बहुतेक वेळा पुन्हा उभा राहतो; लिथियम-पॉलिमरचा सेल तीन व्होल्टच्या बराच खाली गेला की कायमचा बिघडतो, फुगतो. आतापर्यंत कंट्रोलरने मोटर झेलायची होती. आता त्याने बॅटरीवर लक्षही ठेवायचं होतं आणि व्होल्टेज उतरलं की वेळीच हात आखडता घ्यायचा होता. हे न येणारा जुना कंट्रोलर टर्नच्या हिशेबात कितीही चोख असला तरी नव्या बॅटरीला बेजोडच. याच सुमारास, २००० नंतरच्या दशकात, ब्रशलेस मोटरी गाड्यांत आल्या. ब्रश आणि कम्युटेटर गेले, कॉइल स्थिर झाल्या, चुंबक फिरू लागलं, आणि कोणत्या कॉइलला कधी वीज द्यायची हे ठरवायचं काम कंट्रोलरकडे आलं. हल्ली घरातल्या बीएलडीसी पंख्यात आणि विजेच्या स्कूटरमध्ये हेच चालतं. मोटर आणि कंट्रोलर ही आता जोडी उरली नाही. एकाच यंत्राचे ते दोन तुकडे झाले.

बाजाराने मग नवं माप काढलं: केव्ही, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. हे माप ग्राहकाला कळायला सोपं आणि जोडी जमवायला जवळजवळ निरुपयोगी, असं माझं स्पष्ट मत आहे. ३६५० म्हणजे ३६ मिलिमीटर व्यासाची आणि ५० मिलिमीटर लांबीची मोटर. ३६७४ तेवढ्याच व्यासाची पण ७४ लांबीची. दोन्ही एकाच केव्हीच्या मिळू शकतात. बिनभाराच्या दोघी सारख्याच वेगाने फिरतील, पण जड गाडीला ओढताना लांब मोटर कितीतरी जास्त करंट मागेल आणि मिळवेल. टर्नला अर्थ होता कारण डबा ठरलेला होता. केव्ही आली तेव्हा डबा मोकळा सुटला होता. यात केव्हीचा दोष नाही. तिच्या वाट्याला नियमांनी बांधलेलं अंगण आलं नाही, एवढंच.

शर्यतींच्या जगाने मात्र अंगण पुन्हा आखायचा प्रयत्न केला, आणि त्यात जे घडलं तो या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आहे. ब्रशलेसच्या स्टॉक गटासाठी साडेसतरा टर्नची मोटर ठरवण्यात आली. वेग आटोक्यात राहील असा हिशेब होता. २००९-१० च्या सुमारास कंट्रोलरवाल्यांनी सॉफ्टवेअरमध्ये मोटरचं टायमिंग वेगाबरोबर आपोआप पुढे सरकवायची सोय घातली. कॉइलला वीज थोडी आधी दिली की वरचा वेग वाढतो, करंट आणि उष्णताही वाढते. नियमांच्या चौकटीतली साडेसतरा टर्नची मोटर एकदम कितीतरी कमी टर्नच्या मोटरीसारखी धावू लागली. मोटरच्या डब्यावरचा आकडा अक्षरशः खरा होता आणि व्यवहारात खोटा. शेवटी संघटनांनी अशी अट घातली की स्टॉक गटात कंट्रोलर टायमिंग न सरकवणाऱ्या अवस्थेत असला पाहिजे, आणि ते बाहेरून कळावं म्हणून त्याचा दिवा लुकलुकत राहिला पाहिजे. या अवस्थेचं नावच 'ब्लिंकी' पडलं. शर्यतीआधी टेबलावर गाडी ठेवली जाते, थ्रॉटल सोडलेला असतो, आणि तपासनीस त्या एवढ्याशा दिव्याकडे बघतो.

आता ज्याला शर्यतीत उतरायचं नाही तो म्हणेल: एवढा काथ्याकूट कशाला? आजच्या कंट्रोलरमध्ये तापमानाची मर्यादा असते, तापला की तो स्वतःच बंद पडतो; शिवाय परवडेल तेवढा मोठा घेतला की प्रश्न मिटला. मोठा घेतल्याने कंट्रोलरचा प्रश्न मिटतो हे खरं आहे, आणि लहानापेक्षा मोठा घेणं केव्हाही शहाणपणाचं. पण मोठा कंट्रोलर मोटरला वाचवत नाही. साखळीतली कमकुवत कडी नाहीशी होत नसते, जागा बदलते. पूर्वी कंट्रोलर आधी जायचा; आता त्याच्या जागी मोटरचं इनॅमल उडतं, नाहीतर स्वस्त बॅटरी फुगते, नाहीतर प्लास्टिकचा स्पर गिअर दात गाळतो. तापमानाची मर्यादाही कंट्रोलरच्या स्वतःच्या अंगापुरती असते. सेन्सर वायर असलेल्या मोटरींत मोटरचं तापमान कळायची सोय असते. स्वस्तातल्या बिनसेन्सरच्या मोटरींत ती नसते, आणि बाजारात त्यांचीच गर्दी आहे. डोंगरउतारावर दगड चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांनी तर आणखी गुंता केला. त्यांच्यात पस्तीस ते पंचावन्न टर्नच्या संथ मोटरी असतात, टर्नच्या हिशेबाने कुठल्याही कंट्रोलरला हलक्या. पण या गाड्यांचं चाक घटकाघटकाला दगडात अडकतं, मोटर जागीच थांबते, आणि हळू चालीमुळे वारा लागत नाही. शर्यतीच्या रस्त्यावर तयार झालेलं माप दगडावर तितकंसं चालत नाही.

शर्यतीच्या टेबलावरही पुढे नुसत्या ब्लिंकीच्या दिव्यावर भागेना. साडेसतरा टर्न भरताना तार किंचित जाड घेतली किंवा तयार मोटरींतून कमी रेझिस्टन्सच्या निवडून काढल्या की टर्न तेवढेच राहतात आणि करंट मात्र वाढतो, हे मोटर विकणाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. अशा निवडक मोटरी जास्त भावाने विकल्याही जाऊ लागल्या. म्हणून नियमपुस्तकांत वेढ्यांच्या जोडीला कमीत कमी रेझिस्टन्सची अट आली. तपासनीस दिवा पाहून झाल्यावर मोटरच्या तीन टोकांना मिलिओह्म मीटर लावतो, दोन-दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजतो, आणि आकडा मर्यादेखाली निघाला तर मोटर बाजूला काढून ठेवतो.